मी स्लोच होतो

सासूबाईंना भरवायला बसलं की घड्याळाकडे बघायचं नाही, असं तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं. बघितलं की जीव खालीवर व्हायचा, आणि तिच्या हातातला चमचा घाई करतोय हे सासूबाईंना बरोबर कळायचं. मग त्या मुद्दाम तोंड मिटून घेत. गेल्या वर्षीच्या झटक्याने त्यांचा उजवा हात आणि अर्धा चेहरा नेला होता, पण हट्टाला धक्काही लावला नव्हता.

"आई, एवढा घास. मग मी पळते."

"पळ की. तुला धरलंय कोणी?" सासूबाई म्हणाल्या. एकेक शब्द त्यांच्या तोंडातून सावकाश, जिना उतरल्यासारखा उतरत होता.

नवरा पहाटेच्या पाळीला गेलेला. दुपारी नर्स येईपर्यंत शेजारीण मधूनमधून डोकावणार होती. तिने भांडी तशीच सिंकमध्ये टाकली, केसांवरून कंगवा फिरवला आणि बाहेर पडली. बसमध्ये उभ्याउभ्याच तिचे डोळे मिटत होते.

ती दुभाषी होती. या परक्या देशातल्या दवाखान्यात, कोर्टात, सरकारी कचेऱ्यांत ज्यांचं इंग्रजी अडतं त्यांच्या शेजारी बसायचं. त्यांची मराठी इंग्रजीत करायची आणि साहेबांचं इंग्रजी मराठीत. काम एवढंच. स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, कोणाची कीव करायची नाही. ही शेवटची अट सगळ्यांत अवघड, पण इतक्या वर्षांत तिने तीही अंगवळणी पाडून घेतली होती. कॅन्सर झाल्याचं तिने लोकांना सांगितलं होतं, आणि तेही आवाज न कापता. घटस्फोटाच्या खटल्यात तर नवराबायको दोघांच्याही शिव्या तिला एकाच तोंडाने घालाव्या लागल्या होत्या.

त्या दिवशी काम होतं वाहतूक मंडळाच्या चौकशीत. एका बसचालकाच्या गाडीखाली एक म्हातारे गृहस्थ येता येता वाचले होते. गाडीची कड लागून ते पडले, खुब्याचं हाड मोडलं. चालकाचा परवाना ठेवायचा की काढून घ्यायचा, हे तिघांच्या समितीला ठरवायचं होतं.

चालक आडव्या बांध्याचा, साठीकडे झुकलेला माणूस होता. शर्टाला कडक इस्त्री, केस पाणी लावून चापून बसवलेले. शाळेत पहिल्या दिवशी आईने सोडल्यासारखा तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. तिकिटाचं, थांब्यांचं, पुढचं दार-मागचं दार एवढं इंग्रजी त्याला येत होतं. पण इथे माइक होता, समोर पाण्याचे ग्लास होते, आणि त्याच्या तोंडचं इंग्रजी पळून गेलं होतं. शेजारी युनियनचा माणूस बसला होता. तो भला होता, पण त्याला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं. समोर जखमी गृहस्थांच्या बाजूचा वकील. तरुण, नीटस, आवाज कधी न चढवणारा.

तासा-दोन तासांनी तिला सोडवायला दुसरा दुभाषी यायचा होता. तो आजारी पडला. "जमेल ना तुम्हाला?" असं समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं तेव्हा ती हो म्हणाली. नाही म्हणायलाही अंगात थोडी ताकद लागते.

दुपार कलली तोवर तिच्या डोक्यात शब्द शिरत होते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होते. मध्ये आपण आहोत की नाही हे तिलाच कळेनासं झालं होतं. घरी नर्स आली असेल का, हा एकच विचार खाली सारखा कुरतडत होता.

वकील उठला. "ते गृहस्थ फुटपाथवरून खाली उतरले. तुम्हाला दिसले. त्या वेळी तुम्ही काय केलंत?"

तिने मराठीत विचारलं.

"अहो, मी स्लोच होतो," चालक कळवळून म्हणाला. "मी नेहमीच स्लो असतो. ब्रेक दाबला ना मी!"

शब्द इंग्रजीच होता. त्याचं भाषांतर काय करायचं? तिने तो उचलला आणि तसाच पुढे ठेवला.

"आय वॉज स्लो. आय ॲम ऑलवेज स्लो. आय डिड ब्रेक."

युनियनच्या माणसाने चमकून चालकाकडे पाहिलं. वकिलाने अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुम्ही नेहमीच स्लो असता?"

"तुम्ही नेहमीच स्लो असता, असं म्हणताय?" तिने विचारलं.

"हो तर!" चालकाच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा जरा उजेड आला. "डेपोत कोणालाही विचारा. माझ्याइतका स्लो माणूस तुम्हाला अख्ख्या डेपोत सापडायचा नाही."

तिने तेही सांगितलं. शब्दाला शब्द.

"मला आणखी काही विचारायचं नाही," वकील म्हणाला आणि खाली बसला.

अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. उरलेलं उद्या, असं ठरलं. खोलीतली हवा बदलली होती, पण तिला पर्स सापडत नव्हती आणि बस चुकेल अशी धास्ती होती. तिने मागे वळून पाहिलंच नाही.

घरी पोचली तेव्हा नर्स निघायच्या तयारीत होती. कोटाची बटणं लावत ती इंग्रजीत म्हणाली, "आज त्या फार स्लो होत्या हं."

"काय म्हणाली गं ती?" पलंगावरून सासूबाईंचा आवाज आला. "माझ्याबद्दल म्हणाली ना काहीतरी?"

काय सांगायचं? सुस्त म्हणावं, तर सासूबाईंना वाटणार आपल्याला आळशी म्हणतात. मंद म्हणावं, तर डोक्यावर गेलं. रात्री जेवायच्या नाहीत. चालण्याबद्दल म्हणाली असेल तर नुसतं हळू. बोलण्याबद्दल असेल तर मग डॉक्टरांना फोन करायला हवा. तिने नर्सलाच विचारलं, "स्लो म्हणजे कशात?"

"चालण्यात. पाय उचलत नव्हत्या आज. डोकं कसलं स्लो! पत्त्यांत मला हरवलं त्यांनी."

"आई, आज चालताना पाय जड पडत होते म्हणते. आणि पत्त्यांत तुम्ही तिला हरवलंत."

"मग हरवलं ते आधी सांगायचं," सासूबाई म्हणाल्या.

नर्स हसत गेली. दार लावून ती स्वयंपाकघरात आली, गॅसवर दूध ठेवलं, आच स्लो करायला गेली. आणि बटणावरची तिची बोटं तिथेच थबकली.

मी विचारलं नाही.

नर्सला विचारलं, स्लो म्हणजे कशात. त्याला विचारलं नाही.

तिला सगळं पुन्हा ऐकू आलं, या खेपेला अध्यक्षबाईंच्या कानांनी. माणूस समोर आला तेव्हा काय केलंत? मी स्लो होतो. मला नेहमीच उशिरा सुचतं. माझ्याइतका मंद माणूस डेपोत दुसरा नाही. बिचारा सांगत होता की मी गाडी हळूच चालवत होतो, नेहमी हळूच चालवतो. आणि त्याच्या 'स्लोच'मधला तो 'च', ज्याच्यात त्याचा सगळा जीव होता, तो तर तिने वाटेतच टाकून दिला होता. वकिलाने उलटा प्रश्न केला तेव्हा तिने तोच शब्द पुन्हा त्याच्या हातात दिला होता, आणि त्याने तो छातीवर बिल्ला लावावा तसा अभिमानाने लावून घेतला होता.

दूध उतू गेलं. नवरा आत आला, त्याने गॅस बंद केला आणि तिच्याकडे बघितलं. "काय झालं?"

तिने सांगितलं. तो ओटा पुसत ऐकत राहिला. "तुझी चूक कशी? शब्द त्याचाच होता."

"म्हणूनच तर मी फसले."

तिने दुभाषी पुरवणाऱ्या एजन्सीच्या मॅनेजरबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कोणी तक्रार केलीय का?" त्यांनी विचारलं. "नाही ना? मग तू होऊन कशाला ओढवून घेतेस? त्याचा युनियनवाला आहे, त्याने बघावं. आपल्या दुभाष्याने भर चौकशीत चूक कबूल केली की ते मंडळ आपल्याला पुन्हा बोलवत नाही. आणि तू दमलेली आहेस. झोप जरा."

दमलेली तर ती होतीच. इतकी, की मॅनेजरबाईंचं म्हणणं तिला गादीसारखं मऊ वाटलं. घटकाभर ती त्याच्यावर पडूनही राहिली. पण झोप काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू व्हायच्या आत ती उभी राहिली. दुभाषी स्वतःहून उभी राहत नाही, त्यामुळे सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"काल माझ्याकडून एक चूक झाली," ती म्हणाली. "चालकांच्या उत्तराचा अर्थ मी नीट पोचवला नाही."

वकील लगेच उठला. "रेकॉर्डिंग आहे. चालकाने स्वतःच्या तोंडाने तो शब्द उच्चारला. इंग्रजी शब्द. मराठी न कळणाऱ्या मलासुद्धा तो ऐकू आला. यात पोचवायचं काय राहिलं?"

"तो शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही," ती म्हणाली. मग तिला वाटलं, हे फार पुस्तकी झालं. तिने पुन्हा सुरुवात केली. "आमच्या घरात पंखा स्लो असतो. नळाला पाणी स्लो येतं. इंटरनेट स्लो असतं. दुधाखाली गॅस स्लो ठेवतात. गाडी स्लो घ्या म्हणजे वेग कमी करा. आम्ही तो शब्द घेतला तो बहुतेक वेगापुरता. गाडी चालवणारा माणूस 'मी स्लो होतो' म्हणाला, तर त्याची गाडी हळू होती, एवढंच मराठी कानाला कळतं. मला उशिरा सुचलं, असं त्याला म्हणायचं असतं तर तो तसं म्हणाला असता. आणि डोक्याने मंद असलेल्यासाठी आमच्याकडे आमचे शब्द भरपूर आहेत. त्यासाठी इंग्रजीकडे हात पसरावा लागत नाही."

अध्यक्षबाईंच्या ओठांची एक कड जराशी हलली. "उदाहरणार्थ?"

"मठ्ठ. ठोंब्या. नुसतं 'ढ' म्हटलं तरी भागतं."

हे तीन शब्द कानावर पडताच चालक ताठ झाला. इतका वेळ चाललेल्या इंग्रजीतलं त्याला धड कळत नव्हतं, पण हे कळलं. "बाई, हे कोणाला म्हणताय?"

तिला त्याच्याशी परस्पर बोलायची मुभा नव्हती. तिने अध्यक्षबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग तिने त्याला सगळं सांगितलं: तो काय म्हणाला, तिने काय सांगितलं, त्यांनी काय लिहून घेतलं.

त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "म्हणजे काल मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की झकास बोललो, आणि इथे माझ्या नावावर मठ्ठ म्हणून लिहून ठेवलं होतं? तुम्ही आपल्याकडच्या, म्हणून मी निर्धास्त होतो! आपल्या लोकांत मला आस्तेकाका म्हणतात, माहीत आहे? 'आस्ते चढा, आस्ते उतरा' म्हणतो म्हणून. इतकी वर्षं जीव मुठीत धरून गाडी हाकली, आणि तुम्ही..."

हे सगळंही तिला इंग्रजीत सांगावं लागलं. स्वतःची खरडपट्टी स्वतःच्याच आवाजात. काही गाळलं नाही.

वकील पुन्हा उभा राहिला. "काल दिवसभर दुभाषी बरोबर होत्या आणि नेमक्या याच वाक्याला चुकल्या? की काल त्याही जरा स्लो होत्या?"

"हो," ती म्हणाली. "काल मी होते. तुमच्या अर्थाने."

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "आपण तो प्रश्न पुन्हा विचारू. मी विचारते. आणि तो शब्द कोणीही वापरायचा नाही." मग चालकाकडे वळून त्या म्हणाल्या, "गाडीचा वेग किती होता ते नंतर बघू. ते गृहस्थ तुम्हाला दिसले, त्यानंतर ब्रेकवर पाय पडायला वेळ लागला का?"

तिने एकेक शब्द तोलून मराठीत मांडला. दिसले. त्यानंतर. पाय पडायला वेळ लागला का.

टेबलाच्या कडेवरून चालकाने अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. युनियनचा माणूस त्याच्या कानाशी वाकला, तर त्याने हातानेच त्याला दूर सारलं.

"गाडी हळूच होती," तो खालच्या आवाजात म्हणाला. "देवाशपथ हळू होती. पण ते उतरले ना, ते माझ्याकडे बघत उतरले. मला वाटलं, बघतायत, म्हणजे थांबतील. मीही त्यांच्याकडे बघत राहिलो. पाय... पाय जरा उशिराच पडला असेल माझा. जोरात असतो तर ते गेलेच असते. पण उशीर झाला. झाला बहुतेक."

आपण हे काय करून बसलो, असं तिला वाटलं. काल चुकून त्याच्या गळ्यात बांधलेलं ते आज सोडवायला आली होती, आणि त्याने आपल्या हाताने तेच, पण खरं करून, समोर ठेवलं होतं. तिने ते इंग्रजीत सांगितलं. 'जरा' सांगितलं, 'बहुतेक' सांगितलं. 'देवाशपथ'सुद्धा सांगितलं. या वेळी वाटेत काहीही पडू दिलं नाही.

वकिलाने समोरचा कागद मिटवून ठेवला. तोही टेबलाकडे बघत होता.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल आला. गाडीतल्या यंत्रावरचा वेग तपासला तर तो खरोखरच कमी होता. परवाना काढून घेतला नाही. काही महिने गाडीला हात लावायचा नाही, डोळे तपासायचे, पाय किती चटकन पडतो याची चाचणी द्यायची. पास झाला तर गाडी, नाहीतर डेपोत दुसरं काम. कालच्या उत्तरावर गेले असते तर परवाना गेलाच असता, असं युनियनच्या माणसाने जिन्यात तिला हळूच सांगितलं. तिला बरं वाटायला हवं होतं. पण बरं वाटायलाही ती फार थकली होती.

मॅनेजरबाईंचा फोन आला. मंडळाने सध्या दुसरा दुभाषी पाठवा म्हणून कळवलं होतं. "मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, पण रागाने नाही. "दवाखान्याची कामं देते. पुढच्या आठवड्यात बघू."

बसथांब्यावर चालक आधीच उभा होता. स्वतःच्याच डेपोच्या गाडीची वाट बघत उभं राहायचं कसं, हे त्याला जमत नसल्यासारखा तो या पायावरून त्या पायावर होत होता. तिला पाहून त्याने मान वळवली. मग थोड्या वेळाने परत फिरवली.

"काल माझं चुकलं," ती म्हणाली. "आतमध्ये मला हे नीट म्हणता आलं नाही."

"तुमचं चुकलं," तो म्हणाला. "माझंही चुकलं. हाड मात्र त्या म्हाताऱ्याचं मोडलं."

त्याने वाकून गाडी येतेय का बघितलं.

"मी हे बायकोलाही बोललो नव्हतो," तो म्हणाला. "उशिराचं. अपघात झाल्यापासून रोज डोळ्यांसमोर येतं. त्यांचं बघणं, माझं बघणं. काल तुम्ही त्यांचा प्रश्न विचारलात तेव्हा 'मी स्लोच होतो' म्हटलं आणि वाटलं, सुटलो. आज त्या बाईंनी असा सरळ विचारला की पळायला जागाच नव्हती."

"नसतं सांगितलं तरी चाललं असतं. सिद्ध करायला कोणाकडे काय होतं?"

"ते खरं." त्याने खांदे उडवले. "पण तुम्ही तिथे उभ्या राहून स्वतःचं सांगून बसला होतात. मग मलाच कसंतरी झालं."

बस आली. चालवणाऱ्याने त्याला ओळखून हात केला. त्याने तिला आधी चढू दिलं आणि ती खिडकीशी बसल्यावर समोरच्या बाकावर बसला. गाडी सुटली. वाटेत भाजी घ्यायची, सासूबाईंच्या गोळ्या संपल्यात, असं ती मनात म्हणत होती, आणि म्हणता म्हणता तिची मान काचेला टेकली.

कोणीतरी हाक मारत होतं. "बाई. अहो बाई. उतरायचं आता."

गाडी उभी होती. दिवे अर्धे बंद, बाकं रिकामी. खिडकीबाहेर एक अनोळखी आवार आणि ओळीने उभ्या गाड्या. समोरच्या बाकावर आस्तेकाका तसाच बसलेला.

ती धडपडून उठली. "हे कुठे आलो?"

"डेपोत. शेवटचा थांबा."

"अहो, माझा थांबा कधीच मागे गेला! उठवायचं नाही का?"

"तुमचा थांबा कोणता, मला काय माहीत?" तो म्हणाला. "आणि इतकी गाढ झोपला होतात की जिवावर आलं. माझाही मागेच राहिला."

पुढे उभा असलेला त्या गाडीचा चालक काही न कळून दोघांकडे बघत होता. आस्तेकाकाने त्याला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मोडकंतोडकं, पण एका दमात, मध्ये कोणी दुभाषी न लागता. त्या चालकाने हसून मान डोलावली.

"हीच गाडी परत निघतेय," आस्तेकाका तिला म्हणाला. "बसून राहा. आणि घरी कळवा, वाट बघत असतील."

तिने फोन काढला. नवऱ्याने उचलला. मागून सासूबाई काहीतरी विचारत होत्या, बहुतेक तिच्याबद्दलच.

"येते," ती म्हणाली. "उशीर होईल जरा. तुम्ही जेवून घ्या."